दोन छपरं : अर्जेंटिना, डिसेंबर २००१

२० डिसेंबर २००१ च्या संध्याकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी अर्जेंटिनाच्या अध्यक्षांचं हेलिकॉप्टर सरकारी वाड्याच्या छपरावरून उडालं. त्या संकटाचं चित्र म्हणून जगभर हाच क्षण दाखवला जातो. पुढच्या घटनाक्रमात वेळ त्या क्षणापासून मागे मोजली आहे. मोजताना नजर मात्र स्वयंपाकघरांवर ठेवली आहे, कारण देशाच्या कर्जाचे हप्ते शेवटी तिथूनच वसूल होत होते.

१९ दिवस आधी : शनिवार, १ डिसेंबर

ठेवी काढून घ्यायला बँकांसमोर झुंबड उडाली आहे. अर्थमंत्री दोमिंगो कावायो फर्मान काढतात : खात्यातून आठवड्याला फक्त २५० पेसो रोख मिळतील. लोक या बंधनाला ‘कोर्रालितो’ म्हणू लागतात. कोर्रालितो म्हणजे छोटा कोंडवाडा.

या कोंडवाड्याचा पाया दहा वर्षांपूर्वी घातला गेला होता. १९८९ मध्ये महागाई वर्षाला ३,००० टक्क्यांवर गेली होती. तिला वेसण घालण्यासाठी १९९१ मध्ये कायदाच झाला, १ पेसो म्हणजे १ डॉलर. तेव्हाही अर्थमंत्री कावायोच होते. भाव थांबले, लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण डॉलर वधारला, १९९९ मध्ये शेजारच्या ब्राझीलने आपलं चलन स्वस्त केलं आणि अर्जेंटिनाचा माल बाहेर कुणाला परवडेना. पेसोची किंमत उतरवायला कायद्याची बंदी, म्हणून मजुरी उतरली, पगार उतरले. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढलं जाई आणि प्रत्येक नव्या कर्जाबरोबर खर्च कापण्याची अट येई. जुलै २००१ मध्ये ‘शून्य तूट’ कायदा आला आणि ५०० पेसोंवरच्या सरकारी पगारांत व पेन्शनमध्ये १३ टक्के कपात झाली. पगार कापला की दुकानातलं गिऱ्हाईक तुटतं, गिऱ्हाईक तुटलं की कर आटतो, आणि कर आटला की पुन्हा कात्री चालते. हे चक्र १९९८ पासून फिरत होतं.

कोंडवाड्याने सगळ्यात आधी उपाशी ठेवलं ते बँकेत खातंच नसलेल्यांना. गवंडी, धुणंभांडं करणारी बाई, फेरीवाला, रद्दी वेचणारा, या सगळ्यांची मजुरी रोखीची. ज्यांच्या घरी ते राबत, त्यांच्याच हाती रोकड उरली नाही. खातेदाराचे पैसे अडकले आणि बिनखात्याच्या माणसाची चूल विझली.

१५ दिवस आधी : बुधवार, ५ डिसेंबर

तुटीचं लक्ष्य पाळलं नाही म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपासचा हप्ता रोखतो. तो आला असता तरी कर्ज फिटणार नव्हतं. पण उरलासुरला धीर आज सुटतो.

७ दिवस आधी : गुरुवार, १३ डिसेंबर

देशव्यापी संप. बेकारी १८ टक्क्यांवर आहे. पुढच्या दोन-तीन दिवसांत रोसारिओ आणि मेंदोसा या शहरांत माणसं सुपरमार्केटसमोर जमून अन्न मागू लागतात. रोसारिओ हे धान्याचं बंदर आहे. पाराना नदीच्या या काठावरून गहू, मका, सोयाबीन जगभर जातं. त्याच काठावरच्या वस्त्यांतली पोरं शाळेत येतात ती तिथे एक वेळचं ताट मिळतं म्हणून.

३३ तास आधी : बुधवार, १९ डिसेंबर, सकाळी ११ च्या सुमारास

बुएनोस आइरेसच्या भोवतालच्या उपनगरांत दुकानं फुटत आहेत. लोक दूध, पीठ, तेल, मांस उचलून नेत आहेत. काही ठिकाणी राजकीय दलालांनी चिथावणी दिली, पोलिसांनी पाठ फिरवली, हे अभ्यासकांनी पुढे नोंदवलं. तेही खरं आहे. पण चिथावणीला दारूगोळा लागतो तो भुकेचाच. सिउदादेला भागात एक चिनी दुकानदार आपल्या लुटल्या गेलेल्या दुकानापुढे ढसाढसा रडतो आणि सारा देश त्याला टीव्हीवर पाहतो. त्या रडण्यात आणि आत शिरलेल्या बायकांच्या धावपळीत शत्रुत्व शोधू नये. दोघांनाही एकाच कात्रीने कापलं होतं.

अध्यक्ष फेर्नांदो दे ला रूआ आज कारितास या चर्चच्या सेवासंस्थेत चर्चेला गेले होते. बाहेर पडताना त्यांच्या गाडीवर दगड येतात.

सुमारे एक दिवस आधी : त्याच दिवशी, रोसारिओ

लास फ्लोरेस वस्तीतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ३५ वर्षांचा क्लाउदिओ लेप्राती काम करतो. सगळे त्याला ‘पोचो’ म्हणतात. बाहेर पोलिसांच्या गोळ्या ऐकू येतात. आत मुलं आहेत. तो छपरावर चढतो आणि ओरडून सांगतो की गोळ्या थांबवा, इथे मुलं जेवताहेत. पोलिसाची गोळी त्याच्या गळ्यात लागते. पोचो मरतो.

२१ तास आधी : रात्री पावणेअकराच्या सुमारास

अध्यक्ष टीव्हीवरून आणीबाणी पुकारतात. नागरिकांचे घटनात्मक हक्क ३० दिवसांसाठी स्थगित होतात. १९७६ ते १९८३ ची लष्करी राजवट या देशाने भोगली आहे. ‘आणीबाणी’ हा शब्द ऐकून घरात बसायला लोक तयार नाहीत.

भाषण संपतं न संपतं तोच कुणीतरी गॅलरीत येऊन पातेल्यावर डाव आपटतं. शेजारच्या गॅलरीतून उत्तर येतं. मग गल्ली, मग मोहल्ला, मग सगळं शहर. पातेली घेऊन, पोरं कडेवर घेऊन, चपला पायांत सरकवून माणसं रस्त्यावर येतात आणि प्लाझा दे मायो चौकाकडे चालू लागतात. घोषणा एकच : सगळेच चालते व्हा, एकही उरू नका. ज्यांच्या ठेवी अडकल्या ते आणि ज्यांची चूल विझली ते, दोघांच्याही हातात आज एकच भांडं आहे.

१९ तास आधी : मध्यरात्रीनंतर

कावायो यांनी राजीनामा दिल्याची बातमी फुटते. चौकात जल्लोष होतो आणि त्याच चौकात अश्रुधुराची नळकांडी येऊन पडतात.

९ तास आधी : गुरुवार, २० डिसेंबर, सकाळ

लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्या मुलांसाठी १९७७ पासून दर गुरुवारी या चौकात फेरी धरणाऱ्या माता आजही आल्या आहेत. डोक्याला पांढरे रुमाल आहेत. पोलीस त्यांच्या अंगावर घोडे घालतात, हे देश थेट प्रक्षेपणात पाहतो. न्यायाधीश मारिया सेर्विनी दे कुब्रिया स्वतः चौकात येऊन दडपशाही थांबवायला सांगतात. ती थांबत नाही.

४ तास आधी : दुपारचे ४

अध्यक्ष विरोधी पक्षातल्या पेरोनवाद्यांना सोबत सरकार चालवायचं आवाहन करतात. नकार येतो. त्याच वेळी आसपासच्या रस्त्यांवर मोटारसायकलवरून निरोप पोचवणारी पोरं पोलिसांच्या गोळ्यांना तोंड देत आहेत. राजधानीच्या मध्यभागी आज पाच माणसं मारली जातात. दोन दिवसांत देशभर ३९. त्यांत अल्पवयीन मुलंही आहेत.

शून्य : संध्याकाळी ७ : ५२

हाताने लिहिलेला राजीनामा मागे ठेवून दे ला रूआ कासा रोसादा या सरकारी वाड्याच्या छपरावरून निघून जातात.

नंतर

तीन दिवसांनी नवे अध्यक्ष आदोल्फो रोद्रिगेझ सा संसदेत जाहीर करतात की देश कर्ज फेडणार नाही. सुमारे ९,५०० कोटी डॉलरचं कर्ज. खासदार टाळ्या वाजवतात. जानेवारीत आणखी एक अध्यक्ष, एदुआर्दो दुआल्दे, पेसो-डॉलरची गाठ सोडतात आणि काही महिन्यांत पेसोची किंमत पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही खाली येते. ऑक्टोबर २००२ मध्ये शहरांतली ५७.५ टक्के माणसं दारिद्र्यात असतात. धान्याच्या कोठाराला टाळं नव्हतं, पीक बुडालं नव्हतं, तरी कित्येकांच्या ताटात पुरेसं काही नव्हतं.

नाणेनिधीच्याच स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाने २००४ मध्ये निधीच्या चुका नोंदवल्या. २०१६ मध्ये न्यायालयाने २० डिसेंबरच्या दडपशाहीसाठी तेव्हाच्या सुरक्षासचिवांना आणि पोलीसप्रमुखांना दोषी ठरवलं. हिशेब उशिरा का होईना लिहिला गेला. पण जुलैमधली ती १३ टक्क्यांची कात्री आठवली की माझं मन तिथेच अडतं. काटकसर हा आपल्या घरांतला चांगला शब्द आहे. घरात काटकसर करणारी बाई आधी स्वतःच्या ताटातलं कमी करते, पोराच्या नव्हे. देशाची काटकसर ज्यांनी लिहिली, त्यांनी हा साधा क्रम उलटा केला.

म्हणून त्या दोन दिवसांची दोन छपरं मी शेजारी ठेवतो. एका छपरावरून सत्तेतला माणूस निघून गेला. दुसऱ्या छपरावर शाळेतला स्वयंपाकी चढला, खाली मुलं जेवत होती म्हणून.