उज्ज्वल दोसांझ : ब्रिटिश कोलंबियातील निवडणुकांचा प्रवास

कॅनडातील एखाद्या प्रांताचे नेतृत्व करणारे पहिले भारतीय वंशाचे नेते म्हणजे उज्ज्वल दोसांझ. पंजाबातील जालंधर जिल्ह्यातले दोसांझ कलां हे त्यांचे मूळ गाव. १९६४ मध्ये ते ब्रिटनला आणि १९६८ मध्ये कॅनडाला गेले. लाकूड गिरणीत काम करत त्यांनी शिक्षण घेतले व पुढे व्हँकूव्हरमध्ये वकिली सुरू केली.

न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे १९७९ आणि १९८३ मध्ये त्यांनी प्रांतिक विधानसभेची निवडणूक लढवली; दोन्ही वेळा पराभव पत्करावा लागला. खलिस्तानवादी हिंसेचा त्यांनी उघडपणे निषेध केला. त्यामुळे फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांच्यावर लोखंडी गजाने हल्ला झाला व ते गंभीर जखमी झाले. त्याच वर्षी जूनमध्ये एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात स्फोट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. हल्ल्यानंतरही दोसांझ यांनी भूमिका बदलली नाही.

१९९१ मध्ये व्हँकूव्हर-केन्सिंग्टन मतदारसंघातून ते प्रथमच विजयी झाले. १९९५ मध्ये ते प्रांताचे अॅटर्नी जनरल बनले. १९९६ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्या निवडणुकीत लिबरल पक्षाहून कमी मते मिळूनही त्यांच्या पक्षाने ७५ पैकी ३९ जागा जिंकून सत्ता राखली.

ग्लेन क्लार्क यांनी १९९९ मध्ये राजीनामा दिल्यानंतर पक्षनेतेपदाची निवडणूक जिंकून दोसांझ २४ फेब्रुवारी २००० रोजी प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. मात्र, सरकारविरोधी लाट ते रोखू शकले नाहीत. मे २००१ मध्ये लिबरल पक्षाने ७९ पैकी ७७ जागा पटकावल्या. सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला अवघ्या दोन आल्या. खुद्द दोसांझही आपल्या मतदारसंघात पराभूत झाले.

तीन वर्षांनी त्यांनी पक्ष बदलला. २००४ मध्ये व्हँकूव्हर साऊथमधून लिबरल पक्षातर्फे ते संघीय संसदेवर निवडून गेले आणि पॉल मार्टिन यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. २००६ मध्ये त्यांनी जागा राखली. २००८ मध्ये न्यायालयीन फेरमोजणीनंतर त्यांचे मताधिक्य जेमतेम २० मतांचे ठरले. २०११ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या वाय यंग यांनी त्यांचा पराभव केला.

भारत सरकारने २००३ मध्ये प्रवासी भारतीय सन्मान देऊन त्यांचा गौरव केला होता.