एका नांवाचा शोध

गेल्या पावसाळ्यांत धायरीच्या आमच्या घरीं एक जुनी विद्यार्थिनी आली. चहा झाल्यावर म्हणाली, "सर, स्त्रीचें मन स्त्रीवरच जडत असेल, तर तिला मराठींत काय म्हणावें? आईला पत्र लिहावयाचें आहे. तिला इंग्रजी येत नाहीं." तीस वर्षें भाषा शिकवूनही आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

इंग्रजींतील 'लेस्बियन' हा मुळांत नुसता पत्ता आहे. इजियन समुद्रांतील लेस्बॉस बेटाचा रहिवासी, एवढाच त्याचा पहिला अर्थ. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास तेथें सॅफो ही कवयित्री होऊन गेली. स्त्रियांविषयींच्या तिच्या प्रेमकवितांमुळें बेटाचें नांव त्या प्रेमास चिकटलें. २००८ सालीं कांहीं बेटवासीयांनीं हा शब्द केवळ आपलाच असावा म्हणून अथेन्सच्या न्यायालयांत दावा लावला. तो फेटाळला गेला. शब्द कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाहींत!

आपल्याकडे 'स्वैरिणी' हा शब्द सुचविला जातो. स्व आणि ईर मिळून स्वैर. स्वैरिणी म्हणजे आपल्या इच्छेनें चालणारी. कामसूत्राच्या १९९४ च्या इंग्रजी भाषांतरांत आलँ दानिएलू यांनीं तो याच अर्थीं घेतला. आम्हांस तें पटत नाहीं. छांदोग्यांत अश्वपति कैकेय आपल्या राज्यांत स्वैरिणी नाहीं असें अभिमानानें सांगतो, तेथें अर्थ व्यभिचारिणी असाच आहे. स्त्रीनें आपल्या इच्छेनें चालणें हाच दुराचार ठरला, हें त्या शब्दाचें दुर्दैव. खुद्द वात्स्यायन अंतःपुरांतील स्त्रियांचा परस्पर व्यवहार सांगतो. पण तेथें त्या सखी, दासी, दाईची मुलगी अशाच येतात. कृतीचें वर्णन आहे, व्यक्तीस निराळें नांव नाहीं.

'समलिंगी' हा शब्द पुरुषांसही चालतो, आणि त्यास दवाखान्याचा वास येतो. १९९५ सालीं मुंबईंतील अशा स्त्रियांनीं आपल्या गटास 'स्त्री संगम' म्हटलें. तें नांव गोड, पण समूहाचें. तेंडुलकरांच्या १९८१ च्या 'मित्राची गोष्ट' नाटकांतील सुमित्रेला सारे 'मित्रा' म्हणतात. सखा या अर्थीं संस्कृत 'मित्र' नपुंसकलिंगी आहे. मराठीनें तो पुल्लिंगी केला आणि स्त्रीसाठीं 'मैत्रीण' घडविली. 'मित्रा' या दोहोंच्या मधोमध उभी राहते. तेंडुलकरांनीं हें मुद्दाम योजिलें असो वा नसो, आम्हांस तें नांव फार आवडतें.

हें सारें सांगून झाल्यावर विद्यार्थिनीस 'स्वैरिणी' आवडला. आम्हीं कोश पुढें केला. "आई हाच अर्थ वाचील," ती म्हणाली. अखेर तिनें पत्रांत 'लेस्बियन' हाच शब्द देवनागरींत लिहिला आणि खालीं चार ओळींत अर्थ सांगितला. परका खरा, पण आईच्या कानीं तो शिवी म्हणून कधीं पडलेला नव्हता.