काटकसरीचं यान

अपोलोचे अंतराळवीर तीन दिवसांत चंद्रापाशी पोहोचले. इस्रायलच्या ‘बेरेशीट’ला सात आठवडे लागले. २०१९च्या फेब्रुवारी ते एप्रिल मी त्याची वाटचाल रोज फोनवर बघायचो.

गूगलने प्रायोजित केलेल्या २ कोटी डॉलरच्या स्पर्धेसाठी तीन तरुण इंजिनिअरांनी ही मोहीम सुरू केली. २०१८मध्ये स्पर्धा विजेत्याविनाच संपली. काम मात्र देणग्यांवर चालू राहिलं. यान जेमतेम ५८५ किलोचं, त्यातही बहुतेक इंधनच. आख्खं रॉकेट परवडणार नव्हतं, म्हणून एका इंडोनेशियन उपग्रहासोबत शेअर रिक्षासारखं निघालं. मग पृथ्वीभोवतीच्या फेऱ्या लांबवत लांबवत ४ एप्रिलला चंद्राच्या कक्षेत शिरलं. खासगी पैशातलं कुठलंच यान तोवर तिथे पोहोचलं नव्हतं.

११ एप्रिलला उतरताना २२ किलोमीटरवरून त्याने सेल्फी पाठवला. मग एक सेन्सर बिघडला, तो परत सुरू करताना मुख्य इंजिन बंद पडलं. ते पुन्हा पेटेपर्यंत उशीर झाला होता. यान आदळलं.

वजन आणि खर्च वाचवायचा, तर राखीव यंत्रणाही कमीच ठेवाव्या लागतात. ज्या काटकसरीने ते चंद्रापर्यंत गेलं, तीच शेवटच्या मिनिटांत नडली. स्वस्त मोहिमांचं कौतुक ऐकताना मला हा हिशेब आठवतो.