बसऱ्याच्या दगडावरचा आकडा

पुण्याची फौज मुंबईच्या गोदीत पोहोचवायची तर १९१४ साली लोहमार्ग एकच होता. बोरघाट उतरायचा, कर्जत, मग वांगणी, बदलापूर, कल्याण. सहाव्या पुणे डिव्हिजनमधली जनरल डेलामेनची सोळावी ब्रिगेड १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघाली आणि ६ नोव्हेंबरला इराकच्या फाओ किनाऱ्यावर उतरली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. मागाहून बाकीची डिव्हिजन गेली. तिच्या युनिटांच्या यादीत सॅपर्सच्या कंपन्यांशेजारी एक नाव आहे: ३४ डिव्हिजनल सिग्नल कंपनी.

सैन्यात निरोप पोहोचवणाऱ्या वेगळ्या कंपनीचा हा प्रकार तसा नवाच. १५ फेब्रुवारी १९११ रोजी फत्तेगडला लेफ्टनंट कर्नल पॉवेल यांच्या हाताखाली ३१ आणि ३२ क्रमांकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या, तोच आजच्या सिग्नल कोअरचा स्थापना दिवस. देशी माणसं पलटणींतून मागून घेतलेली. शिवाय प्रत्येक पलटणीचे स्वतःचे सिग्नलर असत, झेंडे, दिवे आणि हेलिओग्राफ बाळगणारे. हेलिओग्राफ हे यंत्र हेन्री मान्सने १८६९ मध्ये कराचीत घडवलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच. तिपाईवर गोल आरसा, त्याच्या मधोमध पारा नसलेला बारीक ठिपका. त्यातून नेम धरून समोरचं ठाणं पकडायचं. किल्ली दाबली की आरसा किंचित कलतो आणि उन्हाचा झोत तिकडे जातो. आखूड झोत, लांब झोत, झाली मोर्सची अक्षरं. पण झोत दिसायचा तर समोर आडोसा नको, म्हणजे शत्रूलाही माणूस दिसणार. त्यात इराकच्या सपाट मैदानातलं मृगजळ.

डिसेंबर १९१५ मध्ये डिव्हिजन इराकमधल्या कुत-अल-अमारात तुर्की वेढ्यात कोंडली गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. बाहेरच्या फौजेशी बोलायला बिनतारी संच हाच मुख्य आधार. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आली, संच मोडून टाकला गेला आणि सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. कित्येक वाटेतच मेली.

त्यांचं स्मारक बसऱ्याला उभं राहिलं. २७ मार्च १९२९ रोजी त्याचं अनावरण झालं. इराकमध्ये १९१४ ते १९२१ या काळात मेलेले आणि ज्यांची कबर माहीत नाही असे ४०,५०० हून अधिक लोक त्यावर नोंदवले आहेत. नोंदवले म्हणजे काय, ते मात्र नीट वाचावं. गोरे शिपाई नावानिशी, देशी अधिकारी नावानिशी, आणि देशी शिपाई पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्याने. असे ३०,००० हून जास्त. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने हे स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेऊन बसवलं, तेही पहिल्या आखाती युद्धाच्या रणभूमीवर. दगड हलला, आकडा आकडाच राहिला. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. एवढ्या उशिरा आलेल्या माफीचं मला फारसं कौतुक नाही, पण तो अहवाल वाचण्याजोगा आहे.

नावं हरवलेली नाहीत, ती कागदावर आहेत. कमिशनच्या नोंदवहीत शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, जिल्हाही सापडतो. अडचण वेगळीच आहे. सिग्नल कंपनीतला माणूस तेवढा सिग्नलर म्हणून दिसतो. पलटणीचा सिग्नलर ११७व्या मराठातला एक शिपाई म्हणूनच मेला. हातात झेंडा होता की बंदूक, याला त्या नोंदीत रकानाच नाही. म्हणून माझं मत असं की सिग्नल कंपनीची यादी वाचून सिग्नलरांचा हिशेब लागणार नाही. मराठा पलटणींच्या नोंदी आणि त्यांच्या युद्ध-डायऱ्या एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतील.

वांगणी परिसरातल्या वाचकांना एक विनंती. शोधताना जिल्हा जपून पाहा: वांगणी ठाणे जिल्ह्यात, पण शेजारचं नेरळ-कर्जत तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. आणि घरात पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक असेल तर ते ब्रासोने घासू नका. भिंगाखाली त्याची कडा वाचा; नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट बहुधा तिथे ठोकलेलं असतं.