पडद्यामागचा आवाज

दिवाळीच्या खरेदीत हल्ली सोन्यानाण्याच्या आणि कापडचोपडाच्या जोडीला एक नवी वस्तू येऊन बसली आहे. तिला 'होम थिएटर' म्हणतात. टीव्हीच्या भोवती पाच-सहा स्पीकर मांडले की दिवाणखान्याचे चित्रपटगृह झाले! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा संचांच्या ओळीच्या ओळी मांडलेल्या दिसतात. विक्रेता एकामागून एक बटणे दाबतो, गिऱ्हाईक डोळे किलकिले करून ऐकते आणि आपला कौल देते. कोणता संच चांगला, हे ठरवायला कान पुरेसे आहेत असे आपण धरूनच चालतो. पण कानाच्या या परीक्षेचा इतिहास मी चाळू लागलो, तेव्हा त्यात मला कानापेक्षा डोळ्याचाच कारभार अधिक दिसला.

या कथेचा आरंभ एडिसनपासून करावा लागतो. फोनोग्राफ त्याने १८७७ सालीच सिद्ध केला होता. पुढे त्याच्या जाड तबकड्या आणि हिऱ्याच्या टोकाची सुई बाजारात आली, तेव्हा स्पर्धेला इतर कंपन्याही उभ्या होत्या. मग १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव जाहीर प्रयोग मांडले. रंगमंचावर एका बाजूला लाकडी कपाटासारखे यंत्र, शेजारी गायिका. यंत्राबरोबर ती गाऊ लागे, मध्येच ओठ मिटून घेई, तरी गाणे आपले चालूच! मग दिवे मालवीत. पुन्हा उजेड होई तेव्हा गायिका मंचावरून नाहीशी झालेली असे आणि गाणे मात्र खंडलेले नसे. लोक थक्क होत. यंत्र आणि माणूस यांत फरकच उरला नाही, असा डांगोरा पिटला गेला. हे प्रयोग सुमारे दहा वर्षे चालले.

आता त्या तबकड्या ऐकल्या तर नवल वाटते. विजेचा मायक्रोफोन त्या ध्वनिमुद्रणात नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या धक्क्याने सुई हलायची. खर्ज जवळजवळ हरवलेला, वरचे स्वर बोथट. मग हजारो माणसे फसली कशी? या प्रयोगांत गाणारी अ‍ॅना केस ही मेट्रोपॉलिटन ऑपेरातली गायिका. म्हातारपणी तिने हे कोडे उलगडून सांगितले. यंत्राच्या आवाजाला शोभेल असा आपला आवाज ती बेतून घेत असे! यंत्राने गायिकेची नक्कल केली नव्हती, गायिकेनेच यंत्राची केली होती. आणखी गंमत अशी की, कोणत्या गायकाला घ्यायचे हे ठरवणाऱ्या एडिसनला स्वतःला पुरते ऐकू येत नसे. थरथरता स्वर मात्र त्याला मुळीच खपत नसे. असो.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याची घडण १९२५ ची. राइस आणि केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघा अभियंत्यांनी ती सिद्ध केली. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू. विजेच्या लहरींबरोबर वेटोळे हलते, शंकू हवा ढकलतो. आजच्या बहुतेक स्पीकरांच्या पोटात हेच आहे.

पुढचा गृहस्थ इंग्लंडातला, कापडाच्या धंद्यातून इकडे वळलेला. गिल्बर्ट ब्रिग्ज हे त्याचे नाव. त्याने १९३२ साली 'व्हार्फडेल' स्पीकर करायला घेतले. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने प्रत्यक्ष वादन आणि त्याचेच ध्वनिमुद्रण आलटून पालटून ऐकवले.

त्याच साली अमेरिकेत एडगर विल्चर याने हवाबंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून टाकली आणि ज्या खर्जासाठी कपाटाएवढी खोकी लागत, तो फळीवर मावणाऱ्या पेटीतून काढून दाखवला. त्याच्या 'ए.आर.' कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेट या चौघा वादकांना घेऊन असेच प्रयोग केले. मधूनमधून वादक नुसतेच गज फिरवीत आणि वाजत असे ते ध्वनिमुद्रण. विल्चरचा माल खरोखर उत्तम होता, यात मला शंका नाही. पण गज हलताना दिसत असता कान नि:पक्षपाती राहील काय? त्याची दुसरी युक्ती मला अधिक सरळ वाटते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात कंपनीने ऐकण्याची खोली थाटली होती. आत या, बसा, हवे तितके ऐका. तिथे विकत मात्र काही मिळायचे नाही!

दुकानातल्या परीक्षेला आणखी एक खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज हळू असला की खर्ज आपल्या कानाला विशेष कमी ऐकू येतो. आवाज वाढला की तो भरतो. म्हणजे दोन सारख्या संचांपैकी जो जरा मोठ्याने लावाल तोच भरदार वाटणार. विक्रेत्याची करंगळी बटणावर किंचित फिरली की निकाल फिरला!

डोळ्याचा वाटा नेमका किती, हे मोजण्याचे श्रेय फ्लॉइड टूल यांना द्यावे लागेल. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळात त्यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून वर्षानुवर्षे माणसांना ऐकवले. पुढे ते हार्मन कंपनीत गेले आणि १९९४ साली शॉन ऑलिव्ह यांच्यासह त्यांनी कंपनीच्याच चाळीस माणसांची परीक्षा घेतली. चार स्पीकर, एकदा पडद्याआड, एकदा उघड्यावर. त्यांत एक लहानसा, स्वस्त, प्लास्टिकचा संच होता. पडद्यामागे त्याला चांगले गुण पडले. पडदा दूर झाला, त्याचे ते रूप दिसले आणि गुण घसरले. भारदस्त मोठ्या स्पीकरांचे गुण मात्र दिसताक्षणी चढले. खोलीत स्पीकरची जागा बदलली की आवाज बदलतो. पडद्याआड ऐकणाऱ्यांना तो बदल चांगलाच कळत होता. तीच माणसे डोळे उघडे ठेवून ऐकू लागली तेव्हा त्यांना तो फारसा जाणवेना. यातली कितीतरी माणसे याच धंद्यात मुरलेली होती.

त्यानंतर हार्मनने एक खास खोली बांधली. तिथे स्पीकर काळ्या पडद्यामागे असतात आणि यंत्राच्या साहाय्याने काही सेकंदांत एक बाजूला सरून दुसरा नेमका त्याच जागी येतो. आवाजाची उंची आधी सारखी करून घेतात. ऐकणारा गुण देतो आणि आपण कुणाला गुण दिले, हे त्याला तेव्हा कळत नाही.