नोहप

नोहप : युनिक्स व लिनक्स प्रणालींतील एक आज्ञा. टर्मिनलमधून सुरू केलेला प्रोग्राम टर्मिनलची खिडकी बंद केल्यावरही चालू राहावा यासाठी वापरतात. ब्राउझर, चित्रसंपादक अशा ग्राफिक प्रोग्रामांसाठी ती विशेष उपयोगी पडते.

कार्यपद्धती : टर्मिनल बंद होताच कर्नल शेलला सिगहप हा १ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. टर्मिनले टेलिफोनच्या तारेवर मोडेमने जोडली जात, त्या काळी लाइन तुटल्याची वर्दी या सिग्नलने मिळे. बॅश शेल तो आपल्या जॉबनाही पाठवतो आणि ज्यांनी वेगळी तजवीज केलेली नसते ते संपतात. ग्राफिक प्रोग्राम यात नाहक बळी जातो. त्याची खिडकी पडद्यावर आणण्याचे काम एक्स-११ (१९८७) किंवा वेलँड पद्धतीचा डिस्प्ले सर्व्हर करतो. चालू राहण्यासाठी त्याला टर्मिनलची गरज नसते.

नोहप आधी सिगहप दुर्लक्षित ठरवते आणि मग मूळ प्रोग्राम सुरू करते. एक्झेक या सिस्टिम कॉलनंतरही हा बंदोबस्त टिकतो. सारी करामत एवढीच. ‘नोहप गिंप &’ असे दिल्यास गिंप हा चित्रसंपादक उघडतो, प्रॉम्प्ट लगेच परत मिळतो आणि प्रोग्रामचे संदेश चालू डिरेक्टरीतील ‘नोहप.आउट’ फाइलीत साठतात. तेथे लिहिण्याची परवानगी नसल्यास होम डिरेक्टरीत. शेवटचे & चिन्ह विसरू नये : प्रोग्राम पार्श्वभूमीत नेण्याचे काम नोहप करीत नाही.

प्रोग्रामने स्वतःच सिगहपची हाताळणी ठरवली असल्यास नोहपचा इलाज चालत नाही. एसएसएचमार्गे दूरच्या यंत्रावरून आणलेली खिडकीही तिने वाचत नाही, कारण जोडणीबरोबर डिस्प्लेच जातो.

संबंधित आज्ञा : बॅशमधील डिसओन आधीच चालू असलेला जॉब शेलच्या यादीतून काढते. मात्र त्याचे आउटपुट टर्मिनललाच जोडलेले राहते. टर्मिनल गेल्यावर त्याने एखादी ओळ लिहू पाहिली की त्रुटी येते आणि काही प्रोग्राम तेवढ्याने कोलमडतात. सेटसिड नवे सत्र सुरू करून प्रोग्राम टर्मिनलच्या ताब्यातूनच सोडवते. इनपुट-आउटपुट नल डिव्हाइसकडे वळवून सेटसिड वापरणे हा सर्वांत निर्दोष मार्ग होय.

सिस्टिमडी : लिनक्समधील सेवा व वापरकर्त्यांची सत्रे सांभाळणाऱ्या या प्रणालीच्या २३० व्या आवृत्तीत (२०१६) लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या उरलेल्या प्रक्रिया संपवणे हे मूळ वर्तन ठरले. नोहपवर किंवा टर्मिनल-सत्र टिकवणाऱ्या स्क्रीन व टीमक्सवर विसंबून ठेवलेली कामेही त्यात सापडली. यावर वाद झाला. डेबियनने आपल्याकडे हे वर्तन बंद ठेवले.

विंडोज : प्रोग्राम कन्सोलचा की ग्राफिक, हे एक्झी फाइलीच्या हेडरमध्येच नोंदलेले असते. ग्राफिक प्रोग्राम कन्सोलला जोडलाच जात नसल्याने कन्सोल बंद केल्यावरही तो चालू राहतो आणि तेथे नोहपसारख्या आज्ञेची गरज पडत नाही.