काहून? : बुद्धिबळाच्या पहिल्या दहा खेळ्यांचा इतिहास



बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांचे आईवडील आम्हाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : "पोराला कोणती ओपनिंग पाठ करायला सांगू?" मोबाईलमध्ये पाहून मूल दहा-बारा खेळ्या घडाघडा मांडतं. समोरच्याने तिसऱ्याच खेळीला पुस्तकाबाहेरचं काही केलं की ते गडबडतं. असे चार-पाच डाव हरलं की पट माळ्यावर जातो. हे टाळायचं कसं, त्याचं उत्तर आम्ही आज इतिहासातून शोधणार आहोत. कारण डावाची सुरुवात ही खेळाच्या नियमांतून जन्माला येते. नियम बदलले तेव्हा सुरुवात बदलली, आणि ती का बदलली हे ज्याला कळलं, तोच टिकला.

आधी खूप मागे जाऊ. बुद्धिबळ भारतातून इराणात आणि तिथून अरबांकडे गेलं. त्या जुन्या खेळात वजीर तिरपा एकच घर चालायचा. उंट तिरपी दोन घरं उडी मारायचा, त्यामुळे एका उंटाला 64 पैकी फक्त 8 घरं मिळायची. प्यादं एकेक घर सरकायचं. म्हणजे दोन्ही फौजा एकमेकींना भिडायलाच बराच वेळ लागे. बगदादच्या दरबारात दहाव्या शतकात अस्-सूली नावाचा थोर खेळाडू होता. त्याच्या काळातले खेळाडू सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याकडे फारसं न पाहता आपापली एक ठरलेली रचना उभी करत. तिला ते 'ताबिया' म्हणत, म्हणजे सैन्याची मांडणी. पेरणीआधी वखरणी करावी तसं ते होतं. त्या संथ खेळात हे शहाणपणाचंच होतं.

आपल्या भागातही या खेळाचा विचार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात बुद्धिबळावर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे सतराव्या शतकात, मूळ पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी आपल्या राजनीतीवरच्या ग्रंथात बुद्धिबळाला जागा दिली.

दरम्यान युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस मोठा बदल झाला. वजीर आणि उंट लांब पल्ल्याचे झाले. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची मुभा होती, आणि पुढे राजासाठी किल्लेकोटाचा नियमही पक्का झाला. आता भिडायला वेळ लागेना. पहिल्याच खेळीला दोन्हीकडची प्यादी पटाच्या मध्यावर समोरासमोर ठाकू लागली. चार खेळ्यांत मात होऊ लागली. साहजिकच सुरुवातीवर पुस्तकं निघाली. लुसेनाचं पुस्तक 1497 सालचं आहे, रुय लोपेझचं 1561 सालचं. खेळ वेगवान झाला म्हणून सुरुवातीचा अभ्यास आवश्यक झाला, हा क्रम लक्षात ठेवा.

आपल्याकडे काय झालं? लांब पल्ल्याचा वजीर आणि उंट आपण घेतले, पण प्यादं एकाच घराचं राहिलं. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. शेवटच्या घरात पोहोचलेलं प्यादं बहुधा त्या घराचं मूळ मोहरं होई, हवा तो वजीर नव्हे. या नियमांत घाई करणाऱ्याला बक्षीस नव्हतं. देशी खेळाडू प्याद्यांची साखळी बांधत, प्रत्येक मोहऱ्याला 'जोर' देत, बिनजोर काही ठेवत नसत. मग सावकाश कोंडी करायची आणि जमलं तर प्यादेमात करायची. प्याद्याने मात देण्यात केवढी शान!

1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. मूळ संस्कृत ग्रंथ युरोपीय पद्धतीला जुळवून ते केलं होतं. त्यात भर आहे तो मुख्यतः नेमक्या पेचाच्या स्थितींवर : इथून मात कशी करायची, इथून कसं सुटायचं. पहिल्या खेळ्यांचे पाठ त्यात मध्यवर्ती नाहीत. आमच्या मते यात देशी परंपरेचा स्वभाव दिसतो. सुरुवात संथ, म्हणून ती सवयीवर सोडलेली. डोकं चालायचं ते शेवटाकडे.

मग हे दोन खेळ भिडले तेव्हा? दोन उदाहरणं पाहू.

पहिलं कलकत्त्याचं. 1850च्या दशकात जॉन कॉक्रेन हा नामवंत स्कॉटिश खेळाडू तिथे महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी युरोपीय नियमांनी पुष्कळ डाव खेळला. महेशचंद्रांनी जुनी शिस्त टाकली नाही. समोरच्याला मध्यात प्यादी रेटू द्यायची, आपण घोड्याचं प्यादं एक घर सरकवून त्याच्यामागे उंट लांब कर्णावर बसवायचा, आणि नंतर तो मध्य पोखरायचा. युरोपातल्या लोकांना हे विचित्र वाटलं. पण आज जगभर 'किंग्ज इंडियन' आणि एकूणच 'इंडियन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बचावांच्या नावात 'इंडियन' आलं ते याच देशी वळणावरून. महेशचंद्रांनी रचना तीच ठेवली, पण ती नव्या नियमांत का चालेल हे ओळखलं : मध्य स्वतः व्यापला नाही तरी दुरून त्यावर मारा ठेवावाच लागतो.

दुसरं उदाहरण पंजाबच्या मीर सुलतान खान यांचं. ते देशी नियमांवर वाढले, 1928 साली अखिल भारतीय विजेते झाले आणि 1929 साली मालकाबरोबर लंडनला गेले. 1929, 1932 आणि 1933 असं तीनदा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. 1930-31च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी विश्वविजेता कापाब्लांका यालाही हरवलं. त्यांची कमजोर बाजू कोणती होती? सुरुवात! पहिल्या दहा-पंधरा खेळ्यांत ते अनेकदा अडचणीत येत आणि पुढे शेवटच्या टप्प्यातल्या कौशल्यावर डाव ओढून आणत. नवशिक्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. सुरुवात कच्ची असली तरी माणूस कापाब्लांकाला हरवू शकतो. पण तेवढं बळ आपल्यापाशी नसेल, तर कच्च्या सुरुवातीची किंमत पहिल्या पंधरा खेळ्यांतच चुकवावी लागते.

हीच गोष्ट दुसऱ्या एका खेळात दिसते. जपानमधला 'गो'. त्याचा पट 19 बाय 19 रेघांचा, काळे-पांढरे खडे छेदबिंदूंवर ठेवायचे आणि जागा घेरायची. तिथे नवशिक्याला आधी कोपरे, मग कडा, शेवटी मध्य असं शिकवतात. का? कोपऱ्यात दोन बाजूंना पटाचीच भिंत असते, तिथे कमी खड्यांत जागा बांधली जाते. शेताच्या धुऱ्याला नाला असला की त्या बाजूला कुंपण लागत नाही, तसं. जुन्या काळी पहिली चाल करणाऱ्या काळ्याला तो फायदा फुकट मिळे, म्हणून तो सावकाश, भक्कम खेळे. विसाव्या शतकात पांढऱ्याला भरपाईचे गुण द्यायची पद्धत रुळली आणि काळ्याला सुरुवातीपासून रेटावं लागलं. नियम बदलला, सुरुवात बदलली. त्या खेळाडूंत एक म्हणही आहे : कोपऱ्यातल्या ठरलेल्या चाली पाठ केल्या की माणूस आधी दोन खडे कच्चा होतो. कारण पाठ केलेली चाल चुकीच्या जागीही हात आपोआप खेळतो.

आता परत आपल्याकडे. 1951 साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 साली एलुरू इथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आधाराने पिढ्या घडवल्या. देशी नियम मागे पडले. आज आपल्या वऱ्हाडात अमरावतीचे स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर आहेत, आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025च्या जुलैत बाटुमी इथे महिला विश्वचषक जिंकला. म्हणजे तेल्हाऱ्याच्या पोराला हे शिखर आता दूर देशीचं वाटायचं कारण नाही.

मग त्याने सुरू कसं करावं? आजच्या नियमांना काय हवं, तेवढंच विचारावं. प्यादं दोन घरं उडतं, म्हणून मध्य पहिल्या खेळीपासून मोकळा नाही. तिथे आपलं एक प्यादं हवं, किंवा महेशचंद्रांसारखा दुरून मारा हवा. मोहरी लांब पल्ल्याची आहेत, म्हणून घोडे आणि उंट लवकर बाहेर काढायचे, आणि एकच मोहरं विनाकारण दोनदा हलवायचं नाही. वजीर मौल्यवान आहे, म्हणून त्याला आधी नाचवायचं नाही. समोरचा त्याला हुसकावता हुसकावता आपली फौज उभी करतो. राजाजवळच्या उंटापुढच्या प्याद्याला सुरुवातीला एकट्या राजाचाच जोर असतो, म्हणून चार खेळ्यांतली मात तिथेच बसते. तेव्हा त्या घरावर डोळा ठेवायचा आणि किल्लेकोट लवकर करायचा. बाकी जुनी शिस्त आजही खरी आहे : बिनजोर मोहरं ठेवू नका.

आणि पालकांना एक विनंती. मुलाने दहा खेळ्या मांडल्या की शाबासकी देण्याआधी प्रत्येक खेळीला आपल्या वऱ्हाडीत विचारा, "बावा, हे काहून?" तीन खेळ्यांची कारणं सांगता आली तर तेवढ्याच पुरे. कारणाशिवायच्या सात खेळ्या उद्या विसरल्या जातील. समोरच्याने पुस्तकाबाहेर काही खेळलं, तरी ज्याला 'काहून' ठाऊक आहे तो पुढची खेळी स्वतः शोधून काढेल.